चार गठ्ठे वर, चार गठ्ठे खाली

ताप कशानं आला म्हणून काय विचारता? 'सरळ रूप द्या' म्हणून आला! असे बघू नका हो माझ्याकडे, ताप डोक्यात गेलेला नाही, एकशे एकच आहे, सकाळी मोजून निघालोय... माझा नंबर सातवा, तुमचा? नववा. आणि या ताईंचा अकरावा. आत आत्ता कुठे तिसरा पेशंट गेलाय, आणि हे डॉक्टर साध्या खोकल्याच्या माणसालासुद्धा जन्मापासूनची हकीकत विचारतात, तेव्हा निवांत बसा. मला मात्र दीडच्या ठोक्याला कारखान्यात हजर व्हायचंय. जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यात जेवण नाही, डॉक्टर! रजा का नाही घेतली म्हणता? अहो तेच तर सांगतोय! पण रजेपर्यंत यायला जरा वेळ लागेल, कारण सुरुवात होते बीजगणितापासून.

तुम्हाला सांगतो, मी कटिंग मास्तर. पलीकडच्या गल्लीत तो गणवेशांचा कारखाना आहे ना, बाहेरून लोखंडी जिना असलेला, तिथे सव्वीस वर्षं. हॉस्पिटलवाले, शाळावाले, बसवाले, सगळ्यांचे कपडे आधी माझ्या हाताखालून जातात. काम काय, तर हे लांबच्या लांब टेबल, त्यावर कापडाचे थर अंथरायचे, एकावर एक, चाळीस-चाळीस, सगळ्यात वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि कटर घालून एका दमात खालपर्यंत कापायचं. एक बाही कापली की चाळीस बाह्या तयार. त्यांचा गठ्ठा बांधायचा, चिठ्ठी लावायची आणि शिवणाच्या खोलीत पाठवून द्यायचा. आणि एक नियम, माझ्या आधीच्या मास्तरांपासून चालत आलेला... बांधलेल्या गठ्ठ्यात हात घालायचा नाही! एक बाही कमी पडली म्हणून कुठल्यातरी गठ्ठ्यातली ओढून काढली, की पुढचा सगळा क्रम सरकला म्हणून समजा, एका थराची बाही दुसऱ्याच थराच्या कपड्याला, आणि थराथराच्या रंगात फरक असतो. पॅकिंगला आमच्याकडे एक लांब्या आहे, त्यानं एकदा मदत करतो म्हणून अशी एक बाही ओढली होती. काय झालं? चाळीस नर्सबाई, प्रत्येकीचा एक हात गडद निळा नि दुसरा फिका! हॉस्पिटलात पेशंट विचारायला लागले, हा वेगळा कोर्स आहे का म्हणून.

तर झालं काय, आमचे जुने विभागप्रमुख निवृत्त झाले. आता त्यांच्या खुर्चीवर कोण? अहो शेंबडं पोरसुद्धा सांगेल, मास्तर! कटिंगच्या खोलीत आम्ही बारा जण, बाराच्या बारा म्हणाले, मास्तर! म्हणजे त्यात मीही आलो, पण तेवढं चालतं. पण वर नवा मॅनेजर आलेला. वय तिशीचं, आणि बोलतो असा, जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. "मास्तर... तुमच्या अनुभवाचा मला फार आदर आहे... पण धोरण असं आहे, की कटिंगच्या प्रमुखाला दहावीचं गणित यायला हवं... मापांचा विभाग ना... छोटीशी परीक्षा... पन्नास मार्कांची... वीसला पास..." म्हटलं, साहेब, मी दहावी नापास आहे. "अरे अरे... कशात?" म्हटलं, गणितात. यावर तो असा गोड हसला, की मला वाटलं आता हार घालतोय. मग म्हणतो, "काही हरकत नाही... नाहीतर पॅकिंगचे ते उंच गृहस्थ आहेतच... त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे..."

लांब्या! ज्याला शर्टाची पाठ कोणती नि पोट कोणतं ते कळत नाही, त्याच्या हाताखाली मी! आणि का? तर तीस वर्षांपूर्वी त्याला गणितात छत्तीस मार्क पडले होते म्हणून! ते प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून वरच्या खिशात घेऊन फिरतो हो तो. दाखवतो लोकांना. कोणी मागत नाही, तरी दाखवतो. मी तिथल्या तिथे ठरवलं, काय वाटेल ते होवो, या माणसाला आपण 'साहेब' म्हणायचं नाही.

पुस्तक आणलं. उघडलं. जिथे उघडलं तिथे प्रकरणाचं नाव, बैजिक अपूर्णांकांचा गुणाकार. पहिलंच उदाहरण ऐका. वर एक्सचा वर्ग उणे नऊ, खाली एक्स अधिक दोन, मधे गुणिले, मग पुन्हा वर एक्स अधिक दोन, खाली एक्स उणे तीन. आणि या सगळ्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात, सरळ रूप द्या! अहो, वाकडं केलंत तुम्ही, आणि सरळ मी करू? बरं, करून ठेवलंतच कशाला आधी? म्हणजे कोणीतरी शहाणा माणूस घरी बसलाय, त्याच्याकडे चांगलं सरळ, सुटसुटीत काहीतरी आहे, ते त्याला बघवत नाही, म्हणून तो त्याला वरून पाच गाठी मारतो, खालून सात गाठी मारतो, आणि माझ्या टेबलावर फेकतो... घ्या मास्तर, सरळ रूप द्या!

पण मी म्हटलं, घाबरायचं नाही. कारण एक गोष्ट मला शाळेतली पक्की आठवत होती. वरचं आणि खालचं सारखं दिसलं की काट मारायची. कापायचं! आणि कापण्यात आपला हात कोण धरणार? सव्वीस वर्षं दुसरं केलंय काय? पेन्सिल घेतली आणि सुटलो. वर नऊ, खाली तीन, तीन त्रिक नऊ, उडव! वर एक्स, खाली एक्स, उडव! वर दोन, खाली दोन, उडव! दोन मिनिटांत मैदान साफ. मागे उत्तर बघतो तर, एक्स अधिक तीन. आणि माझं आलेलं... जाऊ द्या, नाही सांगत, तुम्ही सगळे आधीच आजारी आहात.

मग शिकवणी शोधायला निघालो. कोपऱ्यावर क्लास आहे, तिथले सर म्हणतात, "मुलाला घेऊन या." म्हटलं, मुलगा नाही, मीच. त्यांनी एकदा बाकाकडे बघितलं, एकदा माझ्या पोटाकडे बघितलं, म्हणाले, "जागा भरल्या." असे पंधरा दिवस घालवले, आणि मग बायको पोळपाटावरून मान वर न करता म्हणते, "अहो, आई आहे की!" काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण तुम्हाला खरं सांगतो, कळसा काखेत आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी मुद्दाम वळसा घेत होतो.

कारण आमच्या सासूबाई म्हणजे चौतीस वर्षं गणिताच्या बाई. आमचं लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थानं त्यांना सांगितलेलं, मुलगा मास्तर आहे. बाई खूश. दुधात साखर! पहिल्या भेटीत मला विचारतात, "कोणता विषय घेता?" मी आपलं प्रामाणिकपणे सांगितलं, "शर्ट आणि पँट." त्यानंतर बावीस वर्षं त्या माझ्याशी थेट बोललेल्या नाहीत. भांडण नाही हो! मानपान अगदी व्यवस्थित, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण जे काय बोलायचं ते मुलीमार्फत. "त्यांना म्हणावं, चहा निवतोय." मी समोर बसलेलो! मी म्हणायचो, "आईंना म्हणावं, घेतो." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या आमच्याकडेच, बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून. घर दीड खोल्यांचं. दीड खोल्यांत दोन वर्षं एकमेकांशी न बोलणं, याला काय मेहनत पडते तुम्हाला कल्पना नाही!

संध्याकाळी सातला पहिला तास. मी वही घेऊन उभा. बसा म्हणाल्याशिवाय बसायची टाप नाही. त्यांनी चष्मा लावला, वहीत लिहिलं, वर एक्स अधिक सहा, मधे आडवी रेघ, खाली सहा. आणि बोट ठेवलं. सरळ रूप द्या! मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? वरचा सहा उडवला, खालचा सहा उडवला, उरला एक्स. दिली वही. सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. आणि बावीस वर्षांतलं पहिलं थेट वाक्य माझ्याशी बोलल्या. "जावईबापू, आपण गाढव आहात का?"

आपण! ऐकलंत? मान कुठे सोडला नाही! मीही मान राखून म्हटलं, "नाही, आई." "मग एक्सच्या जागी सहा घाला." घातले. वर सहा नि सहा बारा, खाली सहा, उत्तर आलं दोन. "आता आपल्या उत्तरात सहा घाला." माझं उत्तर नुसतं एक्स, म्हणजे सहा. "दोन आणि सहा सारखे असतात, अशी काही सोय आपल्या कारखान्यात आहे का?" आतल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. भांडं नव्हतं ते, बायको हसत होती.

मग तीन आठवडे रोज हेच. "बेरजेतला तुकडा उडवायचा नाही, अख्खा अवयव उडवायचा. म्हणा!" मी म्हणायचो. पाठ झालं होतं मला. आंघोळ करताना म्हणायचो, जिना चढताना म्हणायचो, आणि वही पुढे आली की ये रे माझ्या मागल्या! बेरजेत एकसारखे आकडे दिसले की हात आपोआप सुटायचा, उडव! पालथ्या घड्यावर पाणी! आणि सासूबाईंचा संताप जसजसा वाढायचा तसतसा मान वाढायचा. "आपल्या मेंदूला कृपया थोडी तसदी द्याल का?" "आपला जन्म झाला तेव्हा डॉक्टरांनी काही सांगितलं होतं का?" एकदा तर नुसतंच हात जोडून "धन्य आहात" म्हणाल्या. त्यापेक्षा छडी बरी हो.

परीक्षेला आठ दिवस राहिले आणि लांब्या आमच्या खोलीत आला. सहज म्हणे. विभागप्रमुखाच्या खुर्चीवर बसून बघितलं त्यानं. पाय लांब केले. म्हणतो, "मास्तर, ही थोडी बुटकी पडेल मला. उंच करून घेता येईल ना?" घरी आलो, पुस्तक मिटलं आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, आई, राहू द्या. सव्वीस वर्षं हातानं कापत आलोय, डोक्यानं कापायला आता नाही जमणार. वाईट वाटलं होतं हो मला. उगाच कशाला खोटं सांगू, फार वाईट वाटलं होतं. ती खुर्ची गेली म्हणून नाही तेवढं, पण आपण खरंच गाढव आहोत की काय, असं पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

सासूबाईंनी पुस्तक बाजूला सारलं. मग म्हणतात, "तुम्ही तिथे नेमकं करता काय?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं! मी सांगायला लागलो. थर कसे अंथरतात, खडू कसा धरतात, कटर वाकडा गेला तर काय होतं. सांगता सांगता रंगलो. गठ्ठ्यावर आलो. नियम सांगितला. लांब्याची बाही, चाळीस नर्सबाई, सगळं सांगितलं. सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. "म्हणजे गठ्ठ्यातली एक बाही ओढली तर चालत नाही?" "मुळीच नाही!" मी ओरडलो. सासूवर! "उचलायचा तर अख्खा गठ्ठा उचला, नाहीतर हात लावू नका!" त्यांनी शांतपणे वही उघडली, तेच पहिल्या दिवसाचं पान, आणि वरच्या एक्स अधिक सहाभोवती कंस काढला. "मग हे काय आहे?"

मी बघतच राहिलो. एक्स, अधिक, सहा. एकत्र. बांधलेले. चिठ्ठी तेवढी लावायची राहिलेली! "गठ्ठा..." मी म्हटलं. "आणि तुम्ही त्यात हात घालून काय करत होतात?" "बाही ओढत होतो, आई..." तीन आठवडे! तीन आठवडे मी वहीत बसून लांब्या झालो होतो, आणि मला कळलं नाही!

मग काय विचारता! अवयव पाडा म्हणजे दुसरं काही नाही हो, गठ्ठे बांधा! एक्सचा वर्ग उणे नऊ, हे सुटं कापड पसरलंय. बांधा. एक्स अधिक तीनचा एक, एक्स उणे तीनचा एक, दोन गठ्ठे. आता वरून पाहा, खालून पाहा, वर जो गठ्ठा तोच हुबेहूब खाली असेल तर दोन्ही उचला, अख्खे. नसेल तर हात पाठीमागे. ते पुस्तकातलं पहिलं उदाहरण बसल्या बैठकीला सुटलं, एक्स अधिक तीन, बरोब्बर! काही गठ्ठे बांधायला जड जातात म्हणा. एक्सचा वर्ग उणे पाच एक्स अधिक सहा, इथे दोन असे आकडे शोधा की त्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज उणे पाच. हे म्हणजे स्थळं बघण्यासारखं. गुणाकार जुळला तर बेरीज नाक मुरडते, बेरीज खूश झाली तर गुणाकार रुसून बसतो. शेवटी उणे दोन आणि उणे तीन हे जोडपं सापडतं तेव्हा मुलीचं लग्न लागल्यासारखं वाटतं. सासूबाई बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "चौतीस वर्षं शिकवलं, पण गठ्ठा काही मला सुचला नाही." मी ऐकलं नाही असं दाखवलं. मोठी माणसं असं बोलली की आपण ऐकायचं नसतं.

फक्त दोन गोष्टींवर आमचं घोडं पेंड खात होतं. एक म्हणजे, सगळं सोडवून झालं तरी खाली एक ओळ लिहायचीच. समजा, खाली एक्स उणे तीनचा गठ्ठा आहे, तर लिहायचं, एक्सची किंमत तीन चालणार नाही. म्हणजे बघा, एक्स कुणीही असू शकतो, शंभर असो, हजार असो, या बसा, पण तीननं यायचं नाही! का? सासूबाई म्हणतात, "तीन घातलं की खाली शून्य होतं. छेदात शून्य चालत नाही." म्हटलं, आलं तर काय होतं? "येऊ द्यायचं नाही." पण आलंच तर? "जावईबापू, वरचं सगळं ज्याच्यावर उभं आहे तिथे कुणीच नाही, असं चालेल का?" बरं. हे पटलं.

पण दुसरी गोष्ट! समजा सगळेच गठ्ठे उडाले, वरचे सगळे, खालचे सगळे. उरलं काय? मी म्हटलं, काही नाही, शून्य. त्या म्हणाल्या, "एक!" म्हटलं, आई, असं कसं? सगळे गठ्ठे गेले, टेबल रिकामं! "सहाला सहानं भागलं तर किती?" एक. "मग?" पण आई, टेबल... "टेबल राहिलं ना? किती टेबलं राहिली?" एक. "मग लिहा एक!" आता तुम्हाला म्हणून सांगतो, हे टेबलाचं मला अजूनही पटलेलं नाही. पण दीड खोल्यांत सासूशी वाद किती घालणार? लिहिलं. एक.

परीक्षेच्या दिवशी सकाळी निघताना बायको म्हणाली, "नीट जा." सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "मांडणी स्वच्छ ठेवा." बस. परीक्षा कारखान्याच्या कँटीनमध्ये, परीक्षार्थी एक, मी. पर्यवेक्षक आमचा वॉचमन. तो दर दहा मिनिटांनी वाकून विचारायचा, "मास्तर, सोपं आहे ना?" अहो मला विचारतोस काय, तू पर्यवेक्षक आहेस! बाकीचे प्रश्न झाले. मनातल्या मनात हिशेब केला, चौदा मार्क पक्के. पास व्हायला वीस. आणि शेवटचा प्रश्न आठ मार्कांचा. म्हणजे सव्वीस वर्षं, ती खुर्ची, लांब्याचे लांब केलेले पाय, सगळं त्या एका प्रश्नावर. पान उलटलं. काय असेल? सरळ रूप द्या!

वर एक्सचा वर्ग उणे पाच एक्स अधिक सहा, खाली एक्सचा वर्ग उणे नऊ. गुणिले. वर एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा, खाली एक्सचा वर्ग उणे चार. घाम फुटला. पण म्हटलं, मास्तर, आधी बांधा, मग बघा. बांधत गेलो. वर दोन, खाली दोन, परत वर दोन, खाली दोन. चार गठ्ठे वर, चार गठ्ठे खाली. आता उचलायला घेतले. एक्स उणे तीन, वर आहे, खाली आहे, गेला. एक्स अधिक तीन, गेला. एक्स उणे दोन, गेला. एक्स अधिक दोन... तोही गेला! टेबल रिकामं. पेन्सिल हातात, आणि हात थांबला. शून्य की एक? डोळ्यांना सरळ शून्य दिसतंय हो! समोर काही म्हणजे काही नाही! पण कानात सासूबाई, "किती टेबलं राहिली?" डोळे मिटले आणि लिहिलं, एक. खाली ओळ टाकली, एक्स म्हणजे दोन चालणार नाही, उणे दोन नाही, तीन नाही, उणे तीन नाही. वॉचमन वाकून म्हणाला, "एवढं सगळं करून एकच?" म्हटलं, गप्प बस.

बावीस! पन्नासपैकी बावीस! शून्य लिहिलं असतं तर शून्यातच गेलो असतो. घरी गेलो, आणि जुनी सवय, दारातूनच बायकोला म्हटलं, "आईंना म्हणावं, बावीस." खिडकीशी आवाज आला, "मला ऐकू येतं. कितीपैकी?" "पन्नासपैकी." "हं." एवढंच. आणि त्या उठल्या. तसल्या गुडघ्यांनी, भिंत धरत धरत आत गेल्या, लेकीला बाजूला केलं आणि स्वतः कप भरून आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "चहा निवतोय." मला! थेट! मी म्हटलं, "घेतो, आई."

सोमवारी खुर्चीवर बसलो. टेबलावर पाटी, विभागप्रमुख. अकरा जण ओळीनं येऊन हात मिळवून गेले. दहा वाजता मॅनेजर आला, तो हळू आवाज घेऊन. "मास्तर... अभिनंदन... आता आपण विभागाला जरा सरळ रूप देतोय..." शपथ घेऊन सांगतो, हेच शब्द! मागून चार हमाल एक मशीन घेऊन आले, आडव्या पडलेल्या कपाटाएवढं. म्हणे ते स्वतःच कापड अंथरतं, स्वतःच आखतं, स्वतःच कापतं, आणि गठ्ठेसुद्धा स्वतःच बांधतं! "त्यामुळे... अंथरणारे चौघं... आता लागणार नाहीत..." गेले. "आखणारे तिघं..." गेले. "कटरवरचे दोघं... गठ्ठ्यांचे दोघं..." गेले. काढून नाही टाकलं कुणाला, अकराच्या अकरा शिवणाच्या खोलीत पाठवले. आणि शिवणाच्या खोलीला नवीन प्रमुख कोण? लांब्या! तिथे परीक्षेचा नियमच नाही! माझ्या खोलीतली अकरा माणसं आता त्याला साहेब म्हणतात, आणि तो त्यांना प्रमाणपत्र दाखवतो.

मी मॅनेजरला विचारलं, साहेब, मग माझ्या हाताखाली राहिलं कोण? "तुम्ही आहात ना, मास्तर..." घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, आई, सगळे उडाले. त्यांनी चष्मा काढला. "किती राहिले?" म्हटलं, एक. "बघा," म्हणाल्या. "आणि तुम्ही शून्य म्हणत होतात."

तेव्हापासून रोज सकाळी आठला हजेरी घेतो. नियम आहे. एकच नाव. मी पुकारतो, मी हजर म्हणतो. आणि काल हा ताप आला. अंग मोडून आलं, डोळे जळायला लागले, म्हटलं, दोन दिवस रजा टाकावी. अर्ज लिहिला. रजेचा अर्ज विभागप्रमुखाच्या टेबलावर ठेवायचा असतो. ठेवला. मग टेबलाला वळसा घातला, खुर्चीत बसलो आणि अर्ज वाचला. अक्षर चांगलं होतं. कारण खरं होतं. माणूस सव्वीस वर्षांचा जुना, कधी खोटी रजा घेतलेली नाही. मंजूर लिहिणारच होतो, पण म्हटलं, थांबा. हा एक रजेवर गेला तर विभागात राहतात किती? शून्य! आणि कामाच्या क्रमात कटिंग तर सगळ्यांच्या खाली! आमच्यावर शिवणाची खोली, शिवणावर पॅकिंग, वरचं सगळं आमच्यावर उभं. छेदात शून्य चालत नाही! लिहिलं, नामंजूर. सही केली. मग परत टेबलाच्या अलीकडे आलो आणि अर्ज हातात घेऊन बघितलं. राग आला हो! असा राग आला त्या विभागप्रमुखाचा! पण करता काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

काय म्हणालात? सात नंबर? माझाच! थांबा... वाजले किती? दीडला पाच कमी? मग झालंच म्हणायचं. नाही हो, आता आत गेलो तर डॉक्टर माझं बालपण विचारत बसणार. ताई, तुम्ही जा माझ्या नंबरावर. जा, जा, खोकला वाढेल. मला अजून तो जिना चढायचाय, आणि उशीर झालेला आमच्या विभागप्रमुखाला मुळीच खपत नाही. फार कडक माणूस... गणितात पास झालेला आहे ना!